क्रेडिट कार्ड, ‘मिनिमम ड्यू’ आणि हातचं गेलेलं घर

मागच्या भागात आपण पर्सनल लोनबद्दल बोललो. तेव्हाच मी म्हटलं होतं की क्रेडिट कार्डाचा विषय वेगळा घेऊ, कारण त्यात मी स्वतः सपाटून मार खाल्लेला आहे. आज ते सांगतो. थोडं लाजिरवाणं आहे, पण आकड्यांसकट सांगतो. आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात आमचं भाड्याचं घर होतं, आजोबांच्या काळापासूनचं. २०१३ साली मला पहिलं क्रेडिट कार्ड मिळालं, साठ हजार लिमिटचं. त्या वेळी माझा पगार बावीस हजार होता. पगाराच्या जवळजवळ तिप्पट रक्कम खिशात! त्याच वर्षी बहिणीचं लग्न निघालं. हॉलचा ॲडव्हान्स, कपडे, पाहुण्यांची तिकिटं असं करत करत कार्डावर बावन्न हजार झाले. बिल आलं. त्यात दोन आकडे होते. एक ‘टोटल अमाउंट ड्यू’, बावन्न हजार. दुसरा ‘मिनिमम अमाउंट ड्यू’, सव्वीसशे. मी विचार केला, बँकच सांगते आहे की सव्वीसशे भरा, मग भरू या. दर महिन्याला वेळेवर भरत होतो, एकही तारीख चुकवली नाही. मला वाटत होतं, आपण अगदी शहाण्यासारखे वागतोय.

चौदा महिन्यांनी हिशोब केला. मी सुमारे साडेचौतीस हजार रुपये भरले होते आणि बाकी उतरली होती बावन्नवरून साडेबेचाळीस हजारांवर. म्हणजे चौतीस हजार दिले आणि कर्ज साडेनऊ हजारांनी कमी झालं. या चौदा महिन्यांत कार्डावर मी एक पैसाही नवीन खर्च केला नव्हता, हे लक्षात घ्या.

उरलेले पंचवीस हजार कुठे गेले? आजच्या दराने हिशोब करून दाखवतो. बहुतेक कार्डांवर महिन्याचं व्याज तीन ते पावणेचार टक्के असतं. आपण साडेतीन धरू. ऐकायला किती लहान वाटतं! वर्षाचे झाले बेचाळीस टक्के. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा. आता समजा चाळीस हजारांची बाकी आहे. महिन्याचं व्याज चौदाशे, त्यावर जीएसटी दोनशे बावन्न, एकूण सोळाशे बावन्न. मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के, म्हणजे दोन हजार. तुम्ही दोन हजार भरले की त्यातले सोळाशे बावन्न व्याजात आणि करात जातात. मूळ कर्जातून वजा होतात फक्त तीनशे अठ्ठेचाळीस. माझ्या वेळी जीएसटी नव्हता, सर्व्हिस टॅक्स होता, एवढाच फरक.

मिनिमम ड्यू भरल्याने लेट फी लागत नाही आणि ‘थकबाकीदार’ अशी नोंद होत नाही. त्याचा उपयोग तेवढाच. कर्ज फेडण्यासाठी तो आकडा काढलेलाच नाही. बिलावर तो इतक्या ठळकपणे छापतात की माणसाला तेच खरं बिल वाटतं. मला वाटलंच.

पुढे आमच्या कंपनीत पगार लांबायला लागले आणि माझे चार-पाच हप्ते चुकले. व्याज, लेट फी, त्यावर कर असं चढत चढत आकडा पुन्हा बावन्न हजारांच्या आसपास गेला. जिथून निघालो तिथेच परत. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. एक दिवस त्यातलाच एक जण गोड आवाजात म्हणाला, ‘सर, तीस हजार एकरकमी भरा, विषय संपवून टाकू.’ बायकोची एक बांगडी मोडली आणि तीस हजार भरले. बावीस हजार माफ झाले म्हणून घरी पेढे आणले होते मी. २०१५ सालची ही गोष्ट.

२०१८ मध्ये घरमालकाने दांडिया बाजारातली जागा रिकामी करायला सांगितलं. मांजलपूरला एक फ्लॅट पाहिला. तळमजला, आणि आप्पांचे गुडघे दुखायचे म्हणून तोच हवा होता. इसार म्हणून एक्कावन्न हजार दिले. तोवर माझी नोकरी बदलली होती, पगार दुप्पट झाला होता, बँकेत दोन लाखांची एफडी होती. होमलोन मिळणार याबद्दल मनात शंकाही नव्हती. आठ दिवसांनी लोन विभागातल्या साहेबांनी बोलावलं, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द होता ‘सेटल्ड’.

या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पूर्ण पैसे भरून खातं बंद केलं की रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ लिहिलं जातं. तडजोड करून कमी पैसे भरले की ‘सेटल्ड’. दुसऱ्या बँकेच्या नजरेत सेटल्डचा अर्थ एवढाच की या माणसाने घेतलेले सगळे पैसे परत केले नाहीत. फोनवरच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

फ्लॅट गेला. मालक भला होता, इसारातले पंचवीस हजार त्याने परत केले. तसं त्याच्यावर बंधन काही नव्हतं.

आता हा रिपोर्ट कोण ठेवतं ते बघू. आपण सगळे ‘सिबिल’ म्हणतो, पण सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. ती २००० साली स्थापन झाली, आता ट्रान्सयुनियन सिबिल म्हणतात. अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे आणि त्यांच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची आहे. तुम्ही कर्ज किंवा कार्ड घेतलं की बँक त्याची माहिती या कंपन्यांना पाठवते. पूर्वी ती महिन्याला जायची, १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी जायला लागली. त्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो, तो तुमचा स्कोअर. साडेसातशेच्या वर असला की बँका साधारणपणे खूश असतात.

माझा मोठा गैरसमज इथे होता. मला वाटायचं, पगार वाढला, एफडी झाली, म्हणजे पत वाढली. पण स्कोअरमध्ये तुमचा पगार येत नाही. एफडी येत नाही, सोनं येत नाही, वडिलोपार्जित शेती येत नाही. डेबिट कार्डाने किंवा खात्यातून यूपीआयने केलेला खर्चही येत नाही. येतं ते एवढंच की उधार घेतलेले पैसे तुम्ही कसे परत केले. बँक कर्ज देताना पगार पाहतेच, पण ते पाहणं वेगळं आणि स्कोअर वेगळा. महिना तीन लाख कमावणाऱ्याचा स्कोअर सहाशे असू शकतो आणि पंधरा हजार कमावणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या एका ताईंचा सातशे ऐंशी आहे. मी स्वतः पाहिलाय.

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्यापुढे महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या छत्तीस महिन्यांचे. प्रत्येक चौकोनात किती दिवस उशीर झाला तो आकडा असतो. तीन शून्यं दिसली तर तो महिना स्वच्छ. तिथे ०३० किंवा ०९० दिसलं तर तेवढे दिवस थकबाकी. मी मिनिमम भरत होतो त्या महिन्यांत शून्यं होती आणि तरी मी बुडत होतो, हेही बघा. रिपोर्ट स्वच्छ असणं आणि खिसा सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही सांभाळाव्या लागतात.

कार्ड वापरणं वाईट नाही. मी आजही वापरतो. फक्त त्याच्या तारखा समजून घ्याव्या लागतात. माझं बिल दर महिन्याच्या दहा तारखेला बनतं आणि तीस तारखेपर्यंत भरायचं असतं. मी अकरा तारखेला काही घेतलं तर ते पुढच्या महिन्याच्या बिलात येतं, म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळाले. तीच वस्तू नऊ तारखेला घेतली तर एकवीस दिवस. जाहिरातीतले ‘पन्नास दिवसांपर्यंत’ असे असतात. त्यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा.

आणि ही बिनव्याजी सवलत कधी मिळते? मागचं बिल पूर्ण भरलं असेल तरच. थोडी जरी बाकी ठेवली तरी सवलत जाते. मग व्याज ड्यू डेटपासून लागत नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून सुरू होतं. दूध, किराणा, पेट्रोल, सगळं बेचाळीस टक्क्यांनी उधार. म्हणून एखाद्या महिन्यात पूर्ण भरणं जमलं नाहीच, तर पहिलं काम म्हणजे कार्ड वापरणं थांबवायचं. बाकी मोठी असेल तर बँकेला सांगून ती ईएमआयमध्ये बदलून घ्या किंवा सोसायटीचं, पतपेढीचं, एफडीवरचं, सोन्यावरचं कर्ज काढून कार्ड मोकळं करा. एफडीवरचं कर्ज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. ते कुठे आणि बेचाळीस कुठे! माझ्या बायकोची बांगडी मोडायची गरजच नव्हती. पहिल्याच वर्षी ती गहाण ठेवून कार्ड फेडलं असतं तर बांगडी आज हातात असती. ती हे अजून बोलून दाखवते आणि बोलायचा तिला अधिकार आहे.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. तिथे बिनव्याजी दिवस नसतातच, वर काढण्याची फी वेगळी. ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल लोक विचारतात. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज असतंच. ते सवलतीच्या रूपात वळतं केलेलं असतं. तुम्हाला प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी भरावा लागू शकतो. कधी रोखीने घेतल्यास जी सूट मिळाली असती ती मिळत नाही. पंखा किंवा फ्रिज बंद पडलाय आणि पैसे चार महिन्यांनी येणार आहेत, तर घ्या. पण हिशोब करून घ्या.

लिमिट किती वापरायचं? जाणकार सांगतात, तीस टक्क्यांच्या आत ठेवा. हा नियम नाही, ठोकताळा आहे. पन्नास हजारांचं लिमिट असेल तर बिल पंधरा हजारांच्या आसपास ठेवलं की बरं. दर महिन्याला लिमिट काठोकाठ भरणारा माणूस बँकेला ओढाताणीतला वाटतो, मग तो पूर्ण बिल भरत का असेना. म्हणून बँक स्वतःहून लिमिट वाढवून देते आहे आणि तुमचा स्वतःवर भरवसा आहे, तर वाढवून घ्यायला हरकत नाही. भरवसा नसेल तर नाही म्हणा. तुमच्या संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही आणि न मागितलेलं कार्ड गळ्यात मारताही येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत ते स्पष्ट लिहिलंय.

त्याच निर्देशांतल्या आणखी दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. एक, ड्यू डेट उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्यावरच लेट फी लावता येते आणि थकबाकी म्हणून कळवता येतं. पण याला हक्काची मुदत समजू नका. बँकेचं सर्व्हर बंद पडलं, सलग सुट्ट्या आल्या, तर उपयोगी पडेल इतकंच. दोन, बाकी नसलेलं कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे. नाही झालं तर बंद होईपर्यंत दिवसाला पाचशे रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.

हे दुसरं मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्यातले पुष्कळ जण नोकरीसाठी राज्यं बदलतात. माझा भाचा नागपूरहून बेंगळुरूला गेला. नागपुरात घेतलेलं कार्ड कपाटात राहिलं, जुना मोबाईल नंबर बंद झाला, बिलं जुन्या ईमेलवर जात राहिली. वार्षिक फी पाचशे आणि जीएसटी नव्वद, असे पाचशे नव्वद रुपये त्यावर पडले. कोणालाच कळलं नाही. लेट फी चढत गेली. दीड वर्षाने मोटरसायकलचं कर्ज मागायला गेला तेव्हा कळलं की तो थकबाकीदार आहे. पाचशे नव्वद रुपयांसाठी! गाव बदललं की गॅस, मतदार यादी, आधार सगळं बदलतो आपण. कार्डाचा नंबर आणि पत्ता त्याच दिवशी बदला, नाहीतर कार्ड बंद करून लेखी घ्या.

आपल्या नावांचीही एक गंमत आहे. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहितो. चेन्नई-हैदराबादकडच्या कागदांवर कधी आडनावाचं एक अक्षर होतं, तर कधी वडिलांचं नावच आडनाव होऊन बसतं. लग्नानंतर मुलींचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, पॅन जुन्या नावाने राहतो. मग एकाच बाईंची दोन अर्धी अर्धी खाती तयार होतात किंवा नावबंधूचं कर्ज आपल्या रिपोर्टमध्ये येऊन बसतं. म्हणून पॅन आणि बँकेचे कागद एकाच नावावर आणा आणि वर्षातून एकदा आपला रिपोर्ट स्वतः बघा. चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होऊ शकतो तो एकाच महिन्यात पाच बँकांकडे कर्जाचे अर्ज टाकल्याने.

चूक दिसली तर त्या कंपनीच्या साइटवरच तक्रार नोंदवता येते, पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. मात्र नोंद खरी असेल तर ती कोणी पुसू शकत नाही. ‘पंधरा दिवसांत सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

मग मी काय केलं? ज्या बँकेचं कार्ड होतं तिथे गेलो आणि म्हटलं, माफ केलेले बावीस हजार मला भरायचे आहेत. काउंटरवरच्या मुलीला आधी कळेचना, माफ झालेले पैसे कोणी परत आणून देतं का! पैसे भरले, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं, दोन महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ झालं. जुने उशीर मात्र तसेच दिसत राहिले. मग वीस हजारांची एफडी करून तिच्यावर सोळा हजार लिमिटचं कार्ड घेतलं. ज्यांचा स्कोअर बिघडलाय किंवा ज्यांना स्कोअरच नाही, त्यांना हाच मार्ग मी सांगतो. बायकोच्या नावानेही तसंच एक घेतलं. आमच्या घरात सगळी कर्जं पुरुषांच्या नावावर, त्यामुळे पस्तीस वर्षांच्या बाईची बँकेच्या लेखी काही ओळखच नव्हती. माझ्या कार्डावर तिला ॲड-ऑन कार्ड दिलं असतं तर खर्च माझ्याच रिपोर्टमध्ये गेला असता.

त्या कार्डावर मी फक्त वीजबिल आणि पेट्रोल टाकत होतो, महिन्याला तीन-चार हजार. बिल आलं की पूर्ण भरायचं. २०२० च्या सुरुवातीला होमलोन मंजूर झालं, दर थोडा चढाच लागला. तोवर मांजलपूरच्या किमती आमच्या हाताबाहेर गेल्या होत्या. वाघोडिया रोडला फ्लॅट मिळाला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आप्पा दिवसातून एकदाच खाली उतरतात, संध्याकाळी.

आता बँकेच्या ॲपमध्ये जाऊन एक गोष्ट बघा. ऑटो-पे लावताना विचारतात, ‘मिनिमम अमाउंट’ कापायची की ‘टोटल अमाउंट’. माझ्या ॲपमध्ये खूण आधीच मिनिममवर होती. ती टोटलवर न्या आणि ड्यू डेट पगारानंतरच्या आठवड्यात येईल असं बिलाचं चक्र बदलून मागा. ते किमान एकदा बदलून मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.